जहाजावरचे पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात

समुद्रपर्यटनाहून परतलेल्या कुटुंबात पुढचे काही दिवस एखाद्याच पदार्थाचे नाव निघत राहते. कुणाला चमचा लावताच आतून पाझरणारा गरम चॉकलेट केक आठवतो, कुणाला जेवणाच्या आरंभी आलेले थंडगार स्ट्रॉबेरी सूप, तर कुणाला अखेरच्या रात्री वाजतगाजत आलेले बेक्ड अलास्का. गोव्यात ही आठवण दोन वाटांनी घरी येते. एक वाट प्रवाशाची. दुसरी, त्याच जहाजाच्या भटारखान्यात किंवा भोजनगृहात करारावर कित्येक महिने राबून सुट्टीवर आलेल्या तारवट्याची. प्रवाशाला चव ठाऊक असते, कृती नसते. तारवट्याला कृती ठाऊक असते. पण ती शंभर-दोनशे ताटांची, मोठ्या यंत्रांवरची आणि दहा हातांत वाटलेली असते. म्हणून घरातला पहिला प्रयत्न दोघांचाही बहुधा फसतो.

या अपयशाचे कारण एखाद्या गुप्त मसाल्यात शोधले जाते. वास्तविक जहाजावरच्या बहुतेक पदार्थांत लोणी, अंडी, साखर, दूध, मासळी आणि फळे यांपलीकडे काही नसते. त्यांची चव वजन, तापमान आणि वेळ या तीन गोष्टींच्या काटेकोरपणातून येते. हा काटेकोरपणा चार माणसांच्या मापात कसा उतरवावा आणि त्या आधारे पाच प्रसिद्ध पदार्थ घरी कसे करावेत, याची माहिती पुढे दिली आहे.

जहाजावरचे जेवण आणि गोमंतकीय हात

पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीचा आरंभ १८३७ साली टपालवाहतुकीच्या कंत्राटाने झाला. कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांनी १८४४ साली याच कंपनीच्या जहाजांतून भूमध्यसागराची सफर केली आणि १८४६ मध्ये तिचे प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. केवळ आनंदासाठी केलेल्या समुद्रप्रवासाच्या आरंभीच्या नोंदींत त्याची गणना होते.

पुढे ब्रिटिश आगबोटींवरील कामांची विभागणी ठरून गेली. डेक व इंजिनाची कामे उपखंडातील वेगवेगळ्या प्रदेशांतील खलाशांकडे, तर भोजनगृह, कोठार व स्वयंपाक या विभागांत गोमंतकीयांचा मोठा भरणा, अशी ती वाटणी होती. गोव्यातील ख्रिस्ती समाजाला गोमांस वा डुकराचे मांस हाताळण्यास धार्मिक अडचण नव्हती, आणि युरोपीय पद्धतीचा स्वयंपाक व वाढप त्यांच्या परिचयाचे होते. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांतील गोमंतकीय गावांचे ‘कूड’ म्हणजे बोटीची वाट पाहणाऱ्या या तारवट्यांचे मुक्कामाचे ठिकाण. खलाशांसाठी स्वतंत्र रांधणाऱ्याला ‘भंडारी’ म्हणत. गोऱ्या प्रवाशांचा भटारखाना वेगळा असे. विमानप्रवास वाढल्यावर प्रवासी आगबोटी मागे पडल्या, समुद्रपर्यटनाची जहाजे पुढे आली. पण गोमंतकीय तारवटी कामावर राहिला. सासष्टी, बार्देश, मुरगाव या तालुक्यांतील अनेक घरांत आजोबा ब्रिटिश आगबोटीवर आणि नातू अमेरिकी क्रूझवर, अशी परंपरा आढळते. घरी राहिलेल्या जुन्या कृती वाचताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. त्याचा उलगडा पुढे केला आहे.

भटारखान्याची शिस्त

आजच्या मोठ्या जहाजांचा पसारा अफाट आहे. २०२४ साली सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाची क्षमता, एका खोलीत दोघे या हिशेबाने, ५,६१० प्रवाशांची आहे. एवढ्या लोकांना ठरलेल्या वेळी ताट देण्यासाठी स्वयंपाकाचे लहान लहान तुकडे केलेले असतात. मांस-मासळी साफ करण्याची जागा निराळी, बेकरी निराळी, थंड पदार्थांचा विभाग निराळा, सूप व सॉस निराळे. प्रत्येक पदार्थाची कृती वजनात लिहिलेली असते आणि ताटाची मांडणी ठरवून दिलेली असते. त्यामुळे स्वयंपाकी बदलला तरी चव फारशी बदलत नाही.

समुद्रात आग हे सर्वांत मोठे संकट असल्याने भटारखान्यात उघड्या ज्योतीऐवजी प्रामुख्याने विजेवरची उपकरणे असतात. तापमानाच्या नोंदीही कडक असतात. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या जहाजांची तेथील रोगनियंत्रण केंद्रांकडून स्वच्छता-तपासणी होते. ही तपासणी १०० गुणांची असून ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाल्यास जहाज अनुत्तीर्ण ठरते. थंड अन्न ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, गरम अन्न ५७ अंश किंवा त्यावर, आणि शिजवलेले अन्न गार करताना ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत व तेथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत, हे तेथील नियम आहेत. गोव्याच्या उष्ण व दमट हवेत घरच्या स्वयंपाकालाही ते तितकेच उपयोगी पडतात.

शंभर ताटांवरून चार ताटांवर

सर्व जिन्नसांना सरळ पंचवीसने भागले की चार जणांची कृती मिळेल, असे वाटते. लोणी, साखर, मैदा, चॉकलेट यांच्या बाबतीत ते खरेही आहे. मात्र पुढील पाच बाबी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, अंडी. मोठ्या भटारखान्यात अंडी फोडून एकत्र केलेल्या द्रवाच्या स्वरूपात, किलोने मोजली जातात. कवच काढलेल्या मध्यम अंड्याचे वजन साधारण ५० ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो द्रव म्हणजे सुमारे २० अंडी. भागाकारात पाऊण अंडे आले, तर अंडे फेटून वजनाने घ्यावे.

दुसरी, मीठ, मिरी आणि मसाले. हिशेबाने येणाऱ्या प्रमाणाच्या दोनतृतीयांश इतकेच आधी घालावेत, चव पाहावी आणि मग उरलेले घालावेत.

तिसरी, पाणी. लहान भांड्यातील थोड्या रश्शाचे बाष्पीभवन मोठ्या टोपातल्यापेक्षा प्रमाणाने जास्त होते. सूप किंवा सॉस आटवताना घड्याळापेक्षा दाटपणाकडे लक्ष द्यावे आणि थोडे गरम पाणी हाताशी ठेवावे.

चौथी, भट्टी. जहाजावरील भट्टीत पंख्याने गरम हवा खेळती असते. बिनपंख्याच्या घरगुती ओव्हनमध्ये तोच परिणाम मिळण्यास तापमान १५ ते २० अंशांनी वाढवावे लागते. जहाजावरच्या कृतीत १७५ अंश असेल, तर घरी १९० ते १९५ अंश ठेवावे. ओव्हन आधी किमान १५ मिनिटे तापवून घ्यावा.

पाचवी, मापे. सर्वाधिक घोटाळा येथे होतो. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, तर अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा. ब्रिटिश पिंट ५६८ मिलिलिटर, अमेरिकी पिंट ४७३ मिलिलिटर. आजोबांच्या वहीतले ‘दोन पिंट दूध’ १,१३६ मिलिलिटर असेल आणि नातवाच्या वहीतले ९४६ मिलिलिटर. कस्टर्ड न जमण्यास एवढा फरक पुरेसा आहे. एक औंस वजन म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. ४०० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे २०० अंश सेल्सिअस, आणि ३५० म्हणजे सुमारे १७५.

कोळंबी कॉकटेल

हा पदार्थ आरंभी थंड वाढला जातो. गोव्याची ताजी सुंगटे त्यासाठी उत्तम. चार जणांना ५०० ग्रॅम मध्यम आकाराची सुंगटे सोलून, पाठीचा काळा दोरा काढून घ्यावीत. दोन लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ, एक तमालपत्र, दहा मिरीदाणे आणि अर्ध्या लिंबाची फोड घालून उकळी आणावी. आच बंद करून सुंगटे पाण्यात सोडावीत. दोन ते तीन मिनिटांत ती अपारदर्शक होऊन अर्धवर्तुळाकार वळतात. त्याच क्षणी काढून बर्फाच्या पाण्यात टाकावीत. गच्च मुडपून पूर्ण वर्तुळ झाले, तर ती जास्त शिजून रबरासारखी झाली असे समजावे. गार होताच निथळून, कोरडी करून फ्रीजमध्ये ठेवावीत. पाण्यात राहिली तर चव उतरते.

सॉसमध्ये मूळ कृतीत हॉर्सरॅडिश नावाचे तिखट मूळ किसून घालतात. ते सहज मिळत नाही, पण त्याचा नाकात चढणारा झणका आणि फेसलेल्या मोहरीचा झणका एकाच जातीच्या रसायनाचा आहे. एक चमचा मोहरी वाटून थंड पाण्यात फेसावी आणि दहा मिनिटे झाकून ठेवावी. झणका चढल्यावरच त्यात लिंबाचा रस घालावा; आंबट आधी घातल्यास किंवा गरम पाणी वापरल्यास तो नीट निर्माणच होत नाही. मग १२० ग्रॅम टोमॅटो केचप, एक मोठा चमचा लिंबाचा रस, एक लहान चमचा वूस्टर सॉस आणि तिखट सॉसचे काही थेंब मिसळावेत. फेसलेली मोहरी चवीनुसार घालावी. पेले आधी गार करून त्यात वाढावे.

फळांचे थंड सूप

गोमंतकीयांना थंड पातळ पदार्थ नवा नाही. सोलकढी रोजच्या जेवणातली आहे. जहाजावरचे थंड सूप मात्र गोडाकडे झुकणारे असते आणि जेवणाच्या आरंभी दिले जाते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असते तेव्हा, म्हणजे हिवाळ्यात, ते घरी करावे. ५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी, १५० ग्रॅम घट्ट गोड दही, १०० मिलिलिटर साय किंवा क्रीम, ५० ग्रॅम साखर, एक चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ एकत्र वाटून गाळून घ्यावे. चार तास फ्रीजमध्ये ठेवावे.

थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. म्हणून वाटताना चव पाहून साखर ठरवू नये. सूप पूर्ण गार झाल्यावर चाखून मगच पिठीसाखर वाढवावी. उन्हाळ्यात स्ट्रॉबेरीऐवजी मानकुराद आंब्याचा रस घेता येतो. तेव्हा साखर निम्मी पुरते आणि लिंबाचा रस थोडा जास्त लागतो. कच्चे अननस मात्र दह्यात किंवा दुधात घालून ठेवू नये. त्यातील पाचक द्रव्य दुधातील प्रथिने तोडते आणि सूप कडवट होते. अननसच हवे असल्यास ते आधी उकळून गार करावे.

गरम चॉकलेट केक

१९७२ साली सुरू झालेल्या कार्निव्हल या अमेरिकी कंपनीच्या जहाजांवर हा केक विशेष लोकप्रिय आहे. ‘आतून वितळणारा केक’ या नावाने दोन निरनिराळे पदार्थ ओळखले जातात. फ्रान्समधील मिशेल ब्रास यांनी १९८१ साली आणलेल्या केकमध्ये गोठवलेला चॉकलेटचा गोळा आत ठेवलेला असतो आणि केक साच्यातून काढून वाढला जातो. जहाजावरचा केक मातीच्या पांढऱ्या वाटीतच भाजून वाटीतच दिला जातो. त्याचा मध्यभाग अर्धवट शिजलेले मिश्रणच असते. घरी हा दुसरा प्रकार सोपा.

सहा वाट्यांसाठी १७० ग्रॅम गडद चॉकलेट आणि १७० ग्रॅम बिनमिठाचे लोणी गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावे. चार अंडी आणि १५० ग्रॅम साखर तीन-चार मिनिटे फेटावी. त्यात ५५ ग्रॅम मैदा व चिमूटभर मीठ चाळून घालावे, मग कोमट झालेले चॉकलेट मिसळावे. लोणी लावलेल्या, दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटरच्या ओव्हनमध्ये चालणाऱ्या वाट्यांत भरावे. १९० अंशांवर १२ ते १४ मिनिटे भाजावे. कडा घट्ट, वर पापुद्रा आणि वाटी हलवली असता मधला भाग थरथरणारा, ही तयार झाल्याची खूण. एका मिनिटाने पोत बदलतो, म्हणून पहिल्यांदा एकच वाटी भाजून आपल्या ओव्हनची वेळ ठरवावी. मिश्रण वाट्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवता येते. तेव्हा भाजण्यास दोनएक मिनिटे जास्त लागतात.

या केकचा मध्य पूर्ण शिजत नाही. जहाजांवर अशा पदार्थांसाठी निर्जंतुक केलेली अंडी वापरण्याची पद्धत आहे. घरची अंडी तशी नसतात. लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि आजारी यांच्यासाठी मध्यभाग ७१ अंशांपर्यंत पोहोचेल इतका वेळ, म्हणजे आणखी चार-पाच मिनिटे, केक भाजावा. तो वाहणार नाही, पण मऊ आणि चवदार राहील.

बेक्ड अलास्का

बाहेरून भाजलेला आणि आतून गोठलेला हा गोड पदार्थ. अमेरिकेने १८६७ साली रशियाकडून अलास्का विकत घेतला, त्या घटनेशी या नावाचा संबंध जोडला जातो. न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको उपाहारगृहातील चार्ल्स रॅनहोफर यांनी १८९४ च्या आपल्या पाकग्रंथात या जातीच्या पदार्थाची कृती दिली आहे. सफरीच्या अखेरीस दिवे मंद करून, हा पदार्थ हातांवर घेऊन वाढप्यांनी भोजनगृहातून मिरवत जायचे, ही समुद्रपर्यटनातील जुनी प्रथा.

आइस्क्रीम भट्टीत वितळत नाही याचे कारण हवा. खालचा स्पंज केक आणि वरचे फेटलेले अंड्याचे पांढरे, दोन्ही हवेच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेले असतात. ही हवा उष्णता आत जाऊ देत नाही. म्हणून आवरणात कुठेही फट राहता कामा नये.

१८ सेंटिमीटर रुंदीच्या खोलगट वाडग्यात प्लास्टिकचा कागद अंथरून एक लिटर आइस्क्रीम दाबून भरावे. वर दोन सेंटिमीटर जाडीचा स्पंज केक ठेवून रात्रभर गोठवावे. दुसऱ्या दिवशी चार अंड्यांचे पांढरे, २२० ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा लिंबाचा रस गरम पाण्यावरच्या भांड्यात ७१ अंशांपर्यंत ढवळत तापवावे. मग उतरवून ताठ शिखरे येईपर्यंत फेटावे. आइस्क्रीम केकच्या बाजूवर उलटे काढून, ओव्हनमध्ये चालणाऱ्या ताटलीवर ठेवावे आणि मिश्रण सर्व बाजूंनी, थेट ताटलीपर्यंत, दोन सेंटिमीटर जाड लावावे. पुन्हा एक तास गोठवावे. वाढण्याच्या वेळी २३० अंशांवर तीन ते चार मिनिटे, टोके बदामी होईपर्यंत भाजून लगेच कापावे. वरून दारू ओतून पेटवण्याचा प्रकार घरी करू नये. जहाजांवरही आगीच्या भीतीने ज्योतीऐवजी विजेचे लहान दिवे वापरले जाऊ लागले आहेत.

शिळ्या पावाचे पुडिंग

जहाजाच्या बेकरीत पाव रोज भाजला जातो आणि उरलेल्याचे पुडिंग होते. गोव्यात पोदेराचा पाव दारात येतो. दोन दिवसांचा शिळा पाव या पदार्थाला ताज्यापेक्षा बरा, कारण तो दूध शोषून घेतो आणि लगदा होत नाही. ३०० ग्रॅम पावाचे तुकडे लोणी लावलेल्या भांड्यात पसरावेत, त्यावर ५० ग्रॅम बेदाणे घालावेत. ६०० मिलिलिटर कोमट दूध, तीन अंडी, १०० ग्रॅम साखर, व्हॅनिला आणि किसलेले जायफळ एकत्र करून वर ओतावे. अर्धा तास मुरू द्यावे. भांडे गरम पाण्याच्या परातीत ठेवून १७० अंशांवर सुमारे ४५ मिनिटे भाजावे. पाण्यामुळे कडेची अंडी फुटत नाहीत आणि पुडिंग सर्वत्र सारखे जमते.

सोबतच्या व्हॅनिला सॉससाठी ३०० मिलिलिटर गरम दूध, तीन पिवळे बलक आणि ५० ग्रॅम साखर मंद आचेवर सतत ढवळावी. ८० ते ८२ अंशांवर सॉस चमच्याला पातळ लेप देऊन राहतो. ८५ च्या पुढे गेल्यास फाटतो. तापमापक नसेल तर चमच्याच्या पाठीवरून बोट फिरवावे. रेघ मोडली नाही, की आचेवरून उतरवून दुसऱ्या भांड्यात गाळावे.

वहीत काय लिहून ठेवावे

वर दिलेली मापे घरगुती आहेत; प्रत्येक जहाजाची कृती थोडी वेगळी असते. ज्या घरात तारवटी आहे, तेथे मूळ कृती त्याच्याच हाताची असते आणि बऱ्याचदा ती कागदावर उतरलेलीच नसते. आठवणीवर चाललेले हे ज्ञान माणसाबरोबर जाते, किंवा उरलेल्या दोन ओळींत माप असते पण एकक नसते.

म्हणून सुट्टीच्या दिवसांत तो पदार्थ एकदा त्याच्याबरोबर उभे राहून करावा आणि सहा गोष्टी लिहून ठेवाव्यात: कृती किती ताटांची आहे, कंपनी ब्रिटिश की अमेरिकी, म्हणजे पिंट व गॅलन कोणते, वजने ग्रॅममध्ये, भट्टी पंख्याची की बिनपंख्याची, तापमान कोणत्या अंशांत, आणि पदार्थ झाल्याची डोळ्यांना दिसणारी खूण कोणती. सहावी नोंद सर्वांत मोलाची. ओव्हन बदलतो, भांडे बदलते, लोणीही बदलते. मधला भाग थरथरतो का, सुंगट किती वळले, चमच्यावरची रेघ टिकली का, ही खूण मात्र जहाजावर आणि घरी सारखीच राहते.